तपासणीच्या दिवसाची गाडी

माझ्या गाडीचा क्लच गेला होता, असं मी सात वर्षं सांगत आलो. आशाताईंना सांगितलं, कडावच्या नाक्यावर चहा पिताना सांगितलं, पुण्याला असलेल्या मुलीला फोनवर सांगितलं. दवाखान्याच्या केसपेपरवरही ते वेगळ्या शब्दांत लिहिलं गेलं. ते खोटं आहे. लिहून काढावं असं अनेकदा मनात आलं आणि दर वेळी मी काहीतरी दुसरं काम काढलं. आता गाडी विकली आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. टाळायला निमित्त उरलं नाही.

कुंभिवलीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. निवृत्त झालो तेव्हा हातपाय धड होते, म्हणून सात सीटची एक जुनी व्हॅन घेतली आणि कडाव ते कर्जत फेऱ्या मारू लागलो. एके दिवशी आशाताई घरी आल्या. आजूबाजूच्या गावांतल्या आणि वाड्यांवरच्या गरोदर बायकांची नोंद ठेवायची, त्यांना तपासणीला न्यायचं, बाळंतपण दवाखान्यात होईल असं बघायचं, हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, महिन्यातला एक दिवस गाडी माझ्या बायकांसाठी ठेवा, पोटुशा बाया एसटीत उभ्यानं जातात. मी हो म्हटलं. तो आमचा तपासणीचा दिवस.

सकाळी आठला निघायचो. आशाताई माझ्या शेजारी, मागे पाचजणी. सुरुवातीला माझ्यामुळे कुणी तोंड उघडत नसे. दोन-तीन महिन्यांनी त्यांना माझी सवय झाली. मग त्या अशा बोलू लागल्या, जणू गाडी आपोआपच चालते आहे.

मला दोन मुलं आहेत. दोन्ही वेळा बायको माहेरी गेली आणि मला निरोप आला. मधल्या महिन्यांत तिचं काय झालं, हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्यामुळे वयाच्या साठीनंतर, गाडी चालवता चालवता मी जे ऐकलं त्यानं हबकून गेलो. पायांना येणारे गोळे, रात्रभर बसून काढायला लावणारी छातीतली जळजळ, उठताना कण्यातून जाणारी कळ. हे सगळं त्या हसत सांगायच्या. एकीनं रक्तवाढीच्या गोळ्या तोंड कडू होतं म्हणून परसातल्या जास्वंदीच्या बुडाशी टाकल्या होत्या. दुसरी म्हणाली, तरीच तुझी जास्वंद लालभडक हाय, आता तिलाच ने तपासणीला. आशाताई मागे वळून रागावल्या, पण त्यांनाही हसू आवरलं नाही. कडावच्या एका बाईची ही तिसरी खेप होती. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाची गोष्ट पोरी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावत. ती भांडी घासत होती. पहिली कळ आली तेव्हा पातेलं हातात होतं, कढई घासून होते तोवर पोर बाहेर यायला लागलं. दुसऱ्या वेळी वाट बघायची नसते, ती बजावायची, दुसरं पोर उंबऱ्याशी उभंच असतं.

हे मी ऐकलं होतं. पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

वाडीवरची एकजण सगळ्यांत मागे, खिडकीशी बसायची. डोंगराच्या पायथ्याशी आदिवासींची एक वाडी आहे. तिथून ती अर्धा तास चालत खाली येई आणि आमच्या आधी रस्त्यावर हजर असे. वय बावीस-तेवीस. बोलणं कमी. पाचव्या महिन्यातच तिनं दवाखान्याची पिशवी भरून ठेवली होती, म्हणून सगळ्या तिला चिडवायच्या. त्यात जुन्या लुगड्याचे धुऊन वाळवलेले तुकडे, वापरून मऊ झालेली दोन दुपटी, आधारकार्ड, पासबुक आणि तपासणीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून. नवं कापड एकही नाही. पोर जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं शिवायचं नाही हे आमच्याकडे सगळेच पाळतात. एकजण म्हणाली, अगं, पाचव्यातच पिशवी भरलीस, आता काय तिकडंच राह्याला जातेस का? ती हसली नाही. मग तिनं सांगितलं.

तिचं पहिलं बाळ घरात झालं होतं. दुपारी झालं, दिवस मावळायच्या आत गेलं. तिचा नवरा धावत खाली रस्त्यावर आला होता. दोन गाडीवाल्यांना त्यानं हात जोडले. एकजण म्हणाला, वाडीपर्यंत गाडी चढत नाही. दुसरा म्हणाला, गाडी घाण होईल.

ती हे सगळं खिडकीबाहेर बघत, सपाट आवाजात सांगत होती. "आता मी चालत खालती येईन," ती म्हणाली, "पर या पोराला दवाखान्यातच आणीन."

 मला त्या दुसऱ्या गाडीवाल्याचा इतका संताप आला की मी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळलो. म्हणालो, कार्ड दे इकडं. कार्डावर गाडीवाल्याचा नंबर लिहायला जागा असते. माझ्या हातानं, माझ्या पेनानं मी नंबर लिहिला.

"कधीही फोन कर," मी म्हणालो. "मी येईन."

"नक्की ना काका?"

"येईन म्हटलं ना."

पुढच्या महिन्यात आणखी चौघींनी माझा नंबर लिहून घेतला. त्यांतल्या एकीला मी खरंच वेळेवर पोचवलं. वाटेत तिचं पाणी गेलं, मागची सीट भिजली, पण दवाखाना गाठला. मुलगा झाला. घरच्यांनी पेढे आणून दिले आणि मी ते नाक्यावर मिरवत वाटले. मग सीट धुतली. तीनदा धुतली, फिनेलनं पुसली, उन्हात दारं उघडी ठेवली. वास जाईना. रोजचे लोक नाकाला रुमाल लावू लागले. एक मास्तर बसले आणि पुढच्याच थांब्यावर उतरले.  ते मला फार लागलं.

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराई सुरू झाली. एका ओळखीच्या घरी नवरदेवासाठी माझी गाडी सांगितली होती. त्यासाठी मी खालापूरला जाऊन सगळी सीटकव्हरं नवी करून घेतली. फिकट पिवळसर रेक्झिन, कडेला लाल गोट. वरचं प्लास्टिक काढू नका, लग्न झाल्यावर काढा, असं कारागिरानं सांगितलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी काचा पुसत होतो. साडेअकराच्या सुमाराला फोन वाजला. वाडीवरच्या तिचा नवरा.

"काका, हिला कळा सुरू झाल्यात. खालती आणतोय. तुमी निघा."

मी मागच्या सीटकडे बघितलं.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला वेळ लागतो, मला तेवढाही लागला नाही. तोंडातून आलं, "अरे, गाडी बंद पडली रं. क्लच गेलाय. एकशेआठला लाव."

 तो म्हणाला, "बरं काका." आवाजात राग नव्हता. फोन ठेवला.

माझी बायको पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून विचारलं, गाडी कधी बंद पडली? मी म्हणालो, आत्ताच. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. पण त्या दिवसानंतर ती माझ्या गाडीत कधी बसली नाही. कर्जतला जायचं झालं तरी एसटीनं जायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. आम्ही दोघांनी हा विषय एकदाही काढला नाही.

माझ्या घरापासून वाडीच्या पायथ्याला पंधरा मिनिटं लागतात, तिथून दवाखान्याला अर्धा तास. ती चालत खाली यायला बारा, म्हणजे साडेबाराला ती दवाखान्यात असती. हा हिशेब मी इतक्या वेळा केला आहे की त्यात आता चूक निघायची नाही.

चारच्या सुमाराला दूध नेणारा टेंपोवाला घरी आला. माझा चांगला ओळखीचा. चेहरा उतरलेला होता, शर्टाच्या बाहीला रक्त होतं. पाणी मागून घेतलं आणि ओट्यावर बसून सांगू लागला. अँब्युलन्स एक्सप्रेसवेवर अपघाताला गेली होती, यायला तास लागेल म्हणाले. त्यांनी पायथ्याशी बराच वेळ वाट बघितली. मग कुणाची तरी मोटारसायकल घेतली. नवरा पुढे, सासू मागे, मध्ये ती. तिला बसवेना. पुलाच्या अलीकडे उतरली. शेजारच्या खळ्यावर बाया भात झोडत होत्या. त्या धावत आल्या, लुगड्यांचा आडोसा धरला, खाली पेंढा अंथरला. तिथं झालं.

"पोर निळं पडलेलं काका," तो म्हणाला. "रडंचना. बायांनी पाठ चोळली, तोंडातलं काढलं, पाणी मारलं. लई वेळानं जरा कण्हल्यावानी केलं. मग मी आलो टेंपो घेऊन." त्यानं तांब्या खाली ठेवला. "तुमची गाडी नेमकी आजच बंद पडावी."

मी मान हलवली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गेला.

मी गाडीत जाऊन बसलो. सीटवरचं प्लास्टिक कुरकुरलं. पाय क्लचवर ठेवून दाबला. लोण्यासारखा खाली गेला आणि वर आला. मी तो किती वेळा दाबला, आठवत नाही. गाडी घाण होईल म्हणणाऱ्या त्या गाडीवाल्याला मी याच गाडीत बसून मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. तो निदान खरं कारण तरी तोंडावर बोलला होता.

त्यानंतर मी जे केलं ते नकारापेक्षा वाईट आहे, असं मला आता वाटतं. नकार एका क्षणाचा होता, हे विचारपूर्वक केलं. टेंपोवाल्यानं नाक्यावर सांगितलेलं असणार. उद्या मी नवरदेवाला घेऊन निघालो तर लोक बघणार. म्हणून लग्नघरी फोन करून क्लच गेल्याचं कळवलं. ते बिचारे धावपळ करून दुसऱ्या गाडीच्या मागे लागले. ज्या लग्नासाठी मी तिला आणायला गेलो नाही, ते लग्नही गेलं. सकाळी एका जीपला दोर बांधून चांगली चालती गाडी ओढत खालापूरच्या गॅरेजला नेली. मेकॅनिकनं खाली शिरून बघितलं, गाडी सुरू केली, थोडी पुढेमागे घेतली.

"काका, क्लच चांगला हाय की. अजून दोन वर्षं बघायला नको."

"काढ," मी म्हणालो. "नवा टाक."

"पर कशाला?"

"तुला काय करायचंय? काढ म्हटलं ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग काढला. जुनी क्लचप्लेट मी मागून घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. मेकॅनिकला वाटलं असेल, म्हातारा भंगारात विकणार.

बाळाला पुढच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत अठरा दिवस ठेवलं होतं. ते घरी आल्याचं कळल्यावर मी वाडीवर गेलो. एक झबलं आणि ती क्लचप्लेट घेऊन गेलो. नेली हे खरं. झोपडीत ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी झबलं दिलं, मग कागद उलगडून प्लेट तिच्यापुढे धरली. बघ, म्हणालो, ही जळाली. जळाली नव्हती. तिला कसं कळणार?

तिनं प्लेटला बोट लावून बघितलं.

"एवढीशीच असते व्हय?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं तोंड कसं झालं होतं मला ठाऊक नाही, पण तिला दया आली. "काका, मशीन हाय ते. कवा बी बंद पडतंय. तुमी मनाला लावून घेऊ नका." आणि सासूला म्हणाली, "आई, काकांना च्या कर."

मी तिथं बसून चहा प्यालो.

बाळानं सहा महिन्यांचं होऊनही मान धरली नाही. वर्षाचं झालं तरी बसलं नाही. जन्मल्यावर रडायला उशीर झाला, तेवढ्यात मेंदूला जे व्हायचं ते झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. दर आठवड्याला त्याला कर्जतला व्यायामासाठी न्यायचं होतं. मी म्हणालो, मी नेईन, गाडीभाडं घेणार नाही. पाच वर्षं नेलं. लोक म्हणायचे, काका देवमाणूस. मी ते ऐकून घेत होतो.

तिथं नवा डॉक्टर आला की पहिल्यापासून विचारायचा. बाळंतपण कुठं झालं? रस्त्यात. का? ती सांगायची, गाडी बंद पडली व्हती. डॉक्टर केसपेपरवर लिहायचे, वाहन नादुरुस्त. मी दाराबाहेर बाकावर बसलेलो असायचो आणि दार उघडंच असायचं. माझं खोटं तिच्या तोंडून, इतक्या सरळपणे, दर वेळी मी ऐकत होतो. एकदा उठून आत जावं आणि म्हणावं, डॉक्टर, ते खोडा, असं वाटलं. उठलोही. आतून तिनं बघितलं आणि विचारलं, काका, पाणी पायजे काय? मी पाण्याची बाटली घेतली आणि परत बसलो.

तपासणीचा दिवस चालूच होता. नव्या बाया येत, जुन्या जात. ज्या आठवड्यात दोन्ही फेऱ्या एकत्र येत, तेव्हा ती पोराला मांडीवर घेऊन त्यांच्यात बसायची. पूर्वी अबोल होती, आता बोलायची. पहिलटकरणी तिला विचारायच्या, कळा कशा ओळखायच्या, पिशवीत काय काय घ्यायचं. ती सगळं सांगायची आणि शेवटी एक गोष्ट हमखास बजावायची.

"कार्डावर दोन गाड्यांचे नंबर लिवा. एकाचा नको. काका देवावानी हायेत, पर मशिनीचा काय भरवसा?"

आशाताईंना ते पटलं. त्यांनी सगळ्यांच्या कार्डांवर दोन-दोन नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली. एकदा खरंच एका बाईला दुसऱ्या गाडीनं नेलं, मी माथेरानच्या भाड्यावर होतो. ती सुखरूप सुटली. त्या दिवशी आशाताई कौतुकानं म्हणाल्या, आपल्या वाडीवालीची अक्कल. मी आरशात बघितलं. मागे ती पोराच्या तोंडाची लाळ पुसत होती.

सांगायचा मी एकदाच मनापासून प्रयत्न केला. पोर पाच वर्षांचं झालं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही तिघंच होतो. मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, बाय, मला तुला एक सांगायचंय.

"सांगा की काका."

पोर तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. कोणाही वडीलधाऱ्या माणसाचं ऐकताना बघतात तशी. मला वाटलं, आता सांगितलं तर हिला कोण उरलं? आठवड्याची गाडी जाईल, पोराचा व्यायाम जाईल. हे कारण मी त्या क्षणी शोधून काढलं आणि ते मला पटलंही. खरं कारण हे की ती नजर माझ्यावरून हटेल याची मला भीती वाटली.

"पुढच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकायचीय," मी म्हणालो. "एक दिवस इकडंतिकडं होईल."

"होऊ दे," ती म्हणाली. "त्यात काय?"

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याला बदलापूरकडे एका नव्या इमारतीवर वॉचमनचं काम लागलं. जवळच अशा मुलांची शाळा आहे म्हणे. ती निघाली त्या सकाळी मी वाडीच्या पायथ्याला गेलो. आदल्या दिवशी सगळं वाक्यवार पाठ केलं होतं. टेंपोत हंडे, गोधड्या, कोंबड्यांची डालगी भरली होती. तिनं पोराला नवऱ्याकडे दिलं, माझ्याजवळ आली आणि खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत. ती उठली, म्हणाली, काका, तुमी नसता तर पोराला एवढं बी कुणी केलं नसतं.

मी म्हणालो, "पोराला टोपी घाल. वारं लागेल."

तिनं टोपी घातली. टेंपो गेला. तिचा फोन नंबर माझ्याकडे आहे, माझा तिच्याकडे आहे. सणावाराला तिचा फोन येतो. मी पोराची चौकशी करतो, ती माझ्या डोळ्यांची. मग ती म्हणते, ठेवते काका. तेव्हा मला म्हणायचं असतं: बाय, तू फोन केलास तेव्हा माझी गाडी अंगणात उभी होती आणि ती चालत होती. मी सीट खराब होईल म्हणून आलो नाही. तुझ्या पोराचं जे झालं ते मशिनीनं केलं नाही, मी केलं. मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो.